मान्ना, मॅनिटॉल आणि दारातला पारिजातक

काही वर्षांपूर्वी माझे थोरले बंधू, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, स्कूटरवरून पडले. डोक्याला मार लागला. पहिले तीन दिवस ते अतिदक्षता विभागात होते आणि मी बाहेरच्या बाकावर. दिवसातून ठराविक वेळी सिस्टर येऊन स्टँडला एक बाटली लावून जायच्या. एकदा मी आत गेलो तेव्हा त्या बाटली उजेडाकडे धरून निरखत होत्या. थंडीचे दिवस होते. बाटलीच्या तळाशी बारीक सुयांसारखे स्फटिक जमले होते. ‘‘हिला गरम पाण्यात ठेवायला हवं, खडे विरघळल्याशिवाय लावता येत नाही,’’ असं म्हणून त्या ती परत घेऊन गेल्या. तेवढ्यात मी लेबल वाचलं. मॅनिटॉल, २० टक्के.

मी आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. ‘तपकिरी शेवाळांचं राखीव अन्न : लॅमिनारिन आणि मॅनिटॉल’ हे वाक्य दरवर्षी मी फळ्यावर लिहिलं, मुलांनी ते वहीत उतरवलं आणि परीक्षेत दोन मार्कांना लिहिलं. पण फळ्यावरचं ते मॅनिटॉल आणि सलाइनच्या स्टँडवरचं हे मॅनिटॉल एकच, हे त्या बाकावर बसेपर्यंत माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

अण्णा बरे झाले. घरी आल्यावर एकदा चहा घेताना त्यांनी विचारलं, ‘‘काय रे, ती बाटली कसली होती?’’ मी म्हटलं, ‘‘झाडातल्या साखरेच्या जातीचं काहीतरी.’’ ते म्हणाले, ‘‘झाडातल्या साखरेचं माझ्या डोक्यात काय काम?’’ मला उत्तर देता आलं नाही. ते शोधताना जो इतिहास हाती लागला, तोच आज सांगायचा आहे.

या गोष्टीची सुरुवात इटलीच्या दक्षिणेला, सिसिली बेटावर करायला हवी. तिथे मादोनिए नावाचे डोंगर आहेत. त्यांच्या उतारावर कास्तेलबुओनो आणि पोल्लिना ही गावं आहेत. या गावांच्या शिवारात अ‍ॅश जातीची झाडं लावलेली असतात. शास्त्रीय नाव फ्रॅक्सिनस ऑर्नस. ऐन उन्हाळ्यात, जुलैपासून सप्टेंबरपर्यंत, तिथले शेतकरी वाकड्या पात्याच्या सुरीने या झाडांच्या सालीवर आडव्या चिरा देतात. चिरेतून निळसर झाक असलेला रस पाझरतो आणि उन्हात वाळून पांढरा होतो. बुंध्यावर मेणबत्तीच्या ओघळांसारख्या कांड्या लोंबू लागतात. खाली गळणारा रस धरायला परंपरेने निवडुंगाची पसरट पानं मांडतात. हा माल म्हणजे मान्ना. या काळात पावसाची एक सर आली तरी सगळं धुऊन जातं. आपल्याकडे मोहराच्या दिवसांत आंबेवाला जसा आभाळाकडे बघतो, तसं तिथलं माणूस मान्नाच्या दिवसांत बघतं.

मान्ना हे नाव बायबलमधलं. वाळवंटात भटकणाऱ्या लोकांसाठी आकाशातून पडलेलं अन्न म्हणजे मान्ना. त्यामुळे झाडावर मिळणारा हा गोड पदार्थही दवासारखा आकाशातून उतरतो, असं युरोपात पुष्कळ काळ मानलं जात होतं. सोळाव्या शतकात नेपल्सचे वैद्य दोनातो आंतोनियो अल्तोमारे यांच्यासारख्या काही जाणकारांनी ठासून सांगितलं की हे आकाशातलं दव नाही, झाडाच्या अंगातला रस आहे. औषधी दुकानांत मात्र मान्ना खपत राहिला. लहान मुलांचं पोट साफ व्हायला सौम्य आणि चवीला गोड, म्हणून आया तो आवर्जून देत.

पुढचा टप्पा १८०६ सालचा. जोसेफ लुई प्राउस्ट हे नाव शाळेतल्या रसायनशास्त्रात आपण वाचलेलं असतं. ‘स्थिर प्रमाणाचा नियम’ सांगणारे तेच हे फ्रेंच शास्त्रज्ञ. त्यांनी मान्नातून एक पांढरा, स्फटिकरूप, गोड पदार्थ वेगळा काढला. पदार्थ गोड होता, पण साखर नव्हता. मान्नावरून त्याचं नाव पडलं मॅनाइट, तेच पुढे मॅनिटॉल झालं. १८४४ साली जॉन स्टेनहाउस या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाला तोच पदार्थ समुद्रातल्या शेवाळांत सापडला. माझ्या फळ्यावरच्या वाक्याचं मूळ ते.

१८७२ साली फ्रान्सचेच झां-बाप्तिस्त बूसँगो यांनी या पदार्थाचा सख्खा भाऊ शोधला. बूसँगो त्या वेळी सत्तरीचे होते आणि शेतीच्या रसायनशास्त्राचे अध्वर्यू मानले जात. युरोपात रोवन नावाचं लाल फळांच्या घोसांचं एक झाड असतं, त्याचं शास्त्रीय नाव सॉर्बस. त्याच्या फळांच्या रसातून त्यांनी हा पदार्थ मिळवला आणि झाडावरून त्याचं नाव पडलं सॉर्बिटॉल. आज आपल्या टूथपेस्टच्या खोक्यावर, ‘शुगर फ्री’ मिठाईच्या वेष्टनावर, खोकल्याच्या सिरपवर हे नाव बारीक अक्षरात छापलेलं असतं. १९३०च्या दशकात टाडेउश राइखश्टाइन यांनी क जीवनसत्त्व कारखान्यात बनवण्याची जी रीत बसवली, तिचीही सुरुवात सॉर्बिटॉलपासूनच होते.

हे पदार्थ आहेत तरी काय? रसायनशास्त्रात त्यांना शुगर अल्कोहोल म्हणतात. नावात अल्कोहोल असलं तरी दारूशी त्यांचा संबंध नाही, नशा तर अजिबात नाही. ऑक्सिजन-हायड्रोजनची विशिष्ट जोडी ज्या रेणूला लागलेली असते त्याला रसायनशास्त्रज्ञ अल्कोहोल म्हणतात, एवढाच त्या नावाचा अर्थ. ग्लुकोजच्या रेणूला हायड्रोजनचे दोन अणू जोडले की सॉर्बिटॉल होतं. मॅनिटॉलमध्येही अणू तितकेच, फक्त एका ठिकाणची मांडणी उलटी. १८९०-९१च्या सुमारास जर्मनीत एमिल फिशर यांनी साखरांच्या रेणूंची रचना उलगडली, तेव्हा याच भावंडांचा त्यांना फार उपयोग झाला.

पण त्या दोन अणूंनी फरक मोठा पडतो. ग्लुकोजच्या रेणूचं एक टोक चटकन दुसऱ्याशी संयोग पावणारं असतं. उघड्या तोंडाच्या पिशवीसारखं म्हणा ना. दोन हायड्रोजन आले की ते तोंड शिवलं जातं. पदार्थ गोड राहतो, पाण्यात विरघळतो, पाणी धरून ठेवतो, पण कुणाच्या अध्यात ना मध्यात. आपल्या आतड्यांतूनही तो पूर्ण शोषला जात नाही. तो आतड्यात पाणी धरून बसतो आणि पोट साफ होतं. सिसिलीतल्या मुलांना मान्ना लागू पडायचा तो याच कारणाने. बद्धकोष्ठाला सुके आलुबुखार खायला सांगतात, त्यातही सॉर्बिटॉलचा वाटा आहे. आणि मधुमेही पाहुण्याने शुगर फ्री मिठाईचा अख्खा डबा संपवला तर रात्री जे होतं, त्यालाही हेच जबाबदार.

इथपर्यंतचा इतिहास माणसाच्या उपयोगाचा झाला. झाड स्वतः या पदार्थाचं काय करतं, हा प्रश्न मात्र पुष्कळ वर्षं मागे पडला होता. पान सूर्यप्रकाशात अन्न बनवतं आणि ते अन्न आपल्या उसातल्या साखरेच्या, म्हणजे सुक्रोजच्या, रूपात अन्नवाहिन्यांतून फळांकडे आणि मुळांकडे जातं, असं आम्ही शिकलो आणि तसंच शिकवलं. बहुतेक वनस्पतींच्या बाबतीत ते खरंही आहे.

१९६२ साली वेब आणि बर्ले या दोन संशोधकांनी सफरचंदाच्या झाडावर केलेलं काम ‘सायन्स’ या साप्ताहिकात प्रसिद्ध झालं. पानाला किरणोत्सारी कार्बन असलेला कर्बवायू द्यायचा आणि तो कार्बन झाडात कुठे, कोणत्या रूपात जातो याचा माग काढायचा, अशी ती पद्धत. सफरचंदाच्या झाडात प्रवासाला निघालेला मुख्य पदार्थ निघाला सॉर्बिटॉल. पुढच्या मोजमापांत असं दिसलं की सफरचंदाच्या पानातून बाहेर जाणाऱ्या अन्नापैकी साधारण ६० ते ८० टक्के या रूपात जातं. नासपती, पीच, चेरी, बदाम, आलुबुखार या त्याच्या भाऊबंदांतही तोच प्रकार. गंमत म्हणजे हे सगळं गुलाबाचं कूळ, पण ज्याच्यावरून कुळाला नाव पडलं त्या गुलाबात ही रीत नाही.

पानात हे कसं घडतं तेही हळूहळू कळत गेलं. पान दिवसा कर्बवायूपासून छोटे छोटे रेणू बनवतं आणि ते जोडून साखर तयार करतं. सफरचंदाच्या पानात या वाटेवर एक फाटा फुटतो. फॉस्फेट लावलेल्या ग्लुकोजला एक विकर, म्हणजे एन्झाइम, हायड्रोजन जोडतं, मग फॉस्फेट काढून टाकलं जातं आणि हातात सॉर्बिटॉल येतं. सेलरीच्या पानांतला असाच मार्ग रम्फो, एडवर्ड्स आणि लोशर यांनी १९८३ साली मांडला. सेलरी म्हणजे आपल्या कोथिंबिरीच्या कुळातली भाजी, चायनीजच्या गाड्यावर सूपमध्ये पडते ती. तिथे साखर असते मॅनोज आणि बनतं मॅनिटॉल. सेलरीच्या पानांत तयार होणाऱ्या अन्नाचा जवळजवळ निम्मा भाग मॅनिटॉलच्या रूपात असू शकतो.

यातली व्यवस्था पाहण्यासारखी आहे. मॅनिटॉल बनवण्याचं काम जून पानाचं. कोवळ्या पानाला ते बनवता येत नाही. ते मोडून वापरण्याची विकरं वाढत्या भागांत असतात. म्हणजे घरातले मोठे कमावतात आणि लहानांना मनिऑर्डर जाते, तसं. वाटेत ते पैसे कुणी खर्च करू नयेत म्हणून शिवलेल्या तोंडाची पिशवी बरी पडते. सफरचंदाच्या फळात पोचल्यावर सॉर्बिटॉलचं रूपांतर मुख्यतः फ्रुक्टोजमध्ये होतं, आणि फ्रुक्टोज साध्या साखरेपेक्षाही गोड. सफरचंदाच्या गोडीचं हे एक कारण. कधी कधी सफरचंद कापल्यावर गाभ्याजवळ काचेसारखा, पाणीदार डाग दिसतो. तिथे फळाच्या पेशींनी उचलायचं सॉर्बिटॉल पेशींच्या बाहेरच साचून राहिलेलं असतं आणि त्याने धरलेलं पाणीही.

आता या इतिहासातला मला सर्वांत बोचलेला भाग सांगतो. बोरॉन हे मूलद्रव्य झाडाला अगदी चिमूटभर लागतं, पण त्याच्यावाचून शेंड्याची वाढ खुंटते. ‘बोरॉन एकदा पानात गेलं की तिथून हलत नाही’ हे वाक्य पाठ्यपुस्तकांत पक्कं होतं. मीही ते शिकवलं. त्याच वेळी कॉलेजात शेजारच्या प्रयोगशाळेत, रसायनशास्त्राची मुलं बोरिक अ‍ॅसिडचं मापन करताना त्यात मॅनिटॉल टाकत. का, तर मॅनिटॉलचा रेणू बोरॉनला घट्ट धरतो आणि मगच ते अ‍ॅसिड नीट मोजता येतं. ही गोष्ट रसायनशास्त्राला कितीतरी वर्षं ठाऊक होती. आमच्या दोन प्रयोगशाळांमध्ये एक भिंत होती. चहा आम्ही एकत्र प्यायचो. पण बोरॉनला धरणारा पदार्थ ज्या झाडाच्या रसातून वाहतो, त्या झाडात बोरॉन जागेवर कसं बसून राहील, हा साधा प्रश्न आमच्यापैकी कुणी विचारला नाही.

तो प्रश्न कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठात पॅट्रिक ब्राउन आणि हेनिंग हू यांनी धसास लावला. १९९६ साली त्यांनी दाखवलं की अक्रोड, पिस्ता, अंजीर यांच्यात बोरॉन पुस्तकात लिहिल्याप्रमाणे जून पानांत साचतं, पण सफरचंद आणि बदाम यांच्यात ते फळांकडे आणि कोवळ्या भागांकडे जातं. १९९७ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेलरीच्या अन्नवाहिन्यांतल्या रसातून आणि पीचच्या मधुरसातून बोरॉन आणि शुगर अल्कोहोल यांची प्रत्यक्ष जोडगोळीच वेगळी काढून दाखवली. पुढे १९९९ साली सफरचंदाचं सॉर्बिटॉल बनवणारं जनुक तंबाखूत घातलं, तर तंबाखूतही बोरॉन फिरू लागलं.

बागाईतदाराच्या दृष्टीने ही बाब पोटाची आहे. जमिनीत बोरॉन जास्त झालं तर अक्रोडाच्या पानांची टोकं करपतात, ते दिसतं. बदामात मात्र पान हिरवंच राहतं आणि कोवळे शेंडे वाळतात. नुसतं पान तपासून निदान केलं तर ते चुकणार. एकाच नियमाने सगळ्या बागांना सल्ला दिला की एखाद्याचं नुकसान ठरलेलंच.

पाणी धरून ठेवण्याचा गुण राहिला. तो आपल्याला घराजवळ आणतो. आपल्या खाड्यांच्या काठी पांढरी चिप्पी नावाचं कांदळवनातलं झाड उभं असतं. शास्त्रीय नाव सोनेरेशिया अल्बा. २०२० साली महाराष्ट्राने त्याला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. भरतीचं खारं पाणी दिवसातून दोनदा त्याच्या पायाशी येतं. खाऱ्या पाण्याशेजारी गोडं पाणी ठेवलं की ते खाऱ्याकडे ओढलं जातं, हे लोणचं घालणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. मग चिप्पीच्या पानांचं लोणचं का होत नाही? एक कारण असं की तिच्या पानांत मॅनिटॉल भरपूर असतं. पेशीतलं मीठ एका कोठीत बंद ठेवलं जातं आणि उरलेल्या भागात मॅनिटॉलसारखे निरुपद्रवी पदार्थ साठवून पाणी धरून ठेवलं जातं. १९९३ साली अमेरिकेत टार्झिन्स्की, जेन्सन आणि बोनर्ट यांनी एका जिवाणूचं मॅनिटॉल बनवणारं जनुक तंबाखूत घातलं, तेव्हा ती रोपं खारेपणा जास्त सोसू लागली. पुढच्या अभ्यासांत असंही दिसलं की ताणाच्या वेळी पेशीत तयार होणारे घातक रेणू निकामी करायलाही मॅनिटॉल मदत करतं.

आता अण्णांच्या डोक्याकडे परत येतो. मार लागल्यावर मेंदूला सूज येते, म्हणजे त्यात पाणी साचतं. कवटी हाडाची, तिला फुगता येत नाही, म्हणून आतला दाब वाढतो आणि जिवावर बेततं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपासून डॉक्टर यासाठी मॅनिटॉल शिरेतून देऊ लागले. ते रक्तात राहतं, मेंदूच्या पेशींत सहजी शिरत नाही, शरीर त्याला फारसं मोडत नाही, आणि मेंदूतलं जादा पाणी ते रक्ताकडे ओढून घेतं. पुढे मूत्रपिंडातून ते पाण्यासकट बाहेर पडतं. चिप्पीच्या पानात ज्या गुणाने पाणी आत राहतं, त्याच गुणाने अण्णांच्या मेंदूतलं पाणी बाहेर निघालं.

प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या बाटलीतलं मॅनिटॉल झाडाच्या सालीतून आलेलं नव्हतं. आता ते कारखान्यात, साखरेला दाबाखाली हायड्रोजन जोडून बनवतात. या स्वस्त मालापुढे सिसिलीचा मान्ना टिकला नाही. मादोनिएच्या डोंगरात आज मोजकी कुटुंबं तो काढतात. रीत मात्र पानाचीच आहे. फरक इतकाच की पान ते भट्टीवाचून आणि दाबावाचून, उन्हाच्या जोरावर करतं.

हे सगळं अण्णांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘तुझं ते सिसिलीचं झाड आपल्याकडे होतं का?’’ मी म्हटलं, ते नाही होत, पण त्याचा एक नातलग तुमच्या दारात आहे. जाई, मोगरा आणि पारिजातक ही सगळी अ‍ॅश आणि ऑलिव्हच्याच कुळातली. पारिजातकाच्या पानांत मॅनिटॉल सापडतं, हे आपल्याकडच्या औषधी वनस्पतींच्या पुस्तकांत नोंदलेलं आहे. तापावरच्या त्याच्या काढ्याचा गुण मॅनिटॉलमुळे येतो, असं मी म्हणत नाही. तसा पुरावा नाही.

मला एवढंच म्हणायचं आहे की औषधवाल्याच्या कपाटात, रसायनशास्त्राच्या टेबलावर, माझ्या फळ्यावर आणि दवाखान्याच्या स्टँडवर एकच पदार्थ वर्षानुवर्षं होता, आणि प्रत्येकाला वाटत होतं की तो आपल्यापुरताच आहे. जोडणारा प्रश्न विचारायला एक निवृत्त माणूस लागला, ज्याला यातलं काही ठाऊक नव्हतं आणि ज्याच्या जिवाचा प्रश्न होता. अण्णा आता रोज सकाळी पारिजातकाची फुलं वेचताना वर पानांकडेही बघतात. परवा म्हणाले, ‘‘खरखरीत दिसतात रे, पण कामाची आहेत.’’